पांढरं दिसलं की भुरीच, असं नाही

गुलाबाच्या पानावर पांढरं आलं की भुरी, आणि जास्वंदीच्या शेंड्यावर आलं तरी भुरीच, असं धरून दोन्हीवर एकच औषध मारणारे आमच्या इंदुरात घरोघरी भेटतात. पंप भरायच्या आधी बोट फिरवून बघा हो! कोरडी पावडर लागली तर भुरी, म्हणजे बुरशी. कापसाचा पुंजका आला आणि बोट चिकट झालं तर पिठ्या ढेकूण, म्हणजे कीड.

भुरी इकडे दिवाळीनंतर, दुपारी ऊन आणि रात्री गारवा असा काळ आला की दिसू लागते. तिला पान ओलं लागत नाही. पावसाळ्यात गुलाबाच्या पानांवर येणाऱ्या काळ्या ठिपक्यांचं, म्हणजे दुसऱ्या एका बुरशीचं, उलट. पान काही तास सलग ओलं राहिलं तरच ते रुजतात. म्हणून गुलाबाला पाणी सकाळी, बुंध्याशी. भुरीवर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. पारा ३२ अंशांवर गेला असेल तर ते मारू नये, पानं करपतात. निंबोळी तेल मारल्यावरही गंधकासाठी दोन आठवडे थांबावं.

जास्वंदीचं दुखणं उन्हाळ्यातलं. परवा शेजारची सूनबाई म्हणाली, "मावशी, पानं काळी पडलीत, बुरशीनाशक देऊ का?" मी तिला फांदी उलटी करून दाखवली. पिठ्या ढेकूण रस पितो आणि गोड चिकटा टाकतो. काळी बुरशी वाढते ती त्या चिकट्यावर. कीड गेली की काजळी धुऊन निघते. मुंग्यांची रांग दिसली तर तीही तोडायची, कारण चिकट्यासाठी त्या किडीची राखण करतात. किडीच्या अंगावर मेण असतं, त्यामुळे आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग संध्याकाळी निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, पानांच्या खालून. आठवड्याने पुन्हा.

पण त्याआधी एक नीट बघा. पिठ्यांच्या गर्दीत तसाच पांढरा, पण मोठा आणि भरभर चालणारा जीव दिसला तर त्याला चिरडू नका. ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी, पिठ्या ढेकूणच खाते. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली भारतात मुद्दाम आणला गेला. ती असेल त्या फांदीवर मी काहीच मारत नाही. जास्वंद थोडी खराब दिसली तरी चालेल, ही अळी मरता कामा नये.

काळ्या ठिपक्यांची गळलेली पानं मात्र रोज उचलायची आणि घरच्या खताच्या कुंडीत टाकायची नाहीत. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी ह्याच शहरात बसवलेल्या, कंपोस्ट खताच्या इंदूर पद्धतीचा मोठा ढीग आतून चांगला तापतो. बाल्कनीतली कुंडी तेवढी तापत नाही, आणि बुरशी तिच्यात टिकू शकते. मी ती पानं पालिकेच्या गाडीत ओल्या कचऱ्यात देते.