हातपंपात कला कुठे आली?

मी चित्रकला शिकवते. वर्गात कलाकार नवजोत अल्ताफ यांच्या ‘नलपार’ची, म्हणजे बस्तरमधल्या हातपंपांभोवती रचलेल्या कट्ट्यांची, छायाचित्रं दाखवली की मुलं विचारतात, पालक विचारतात, घरीही विचारतात: हातपंपाभोवती कट्टा बांधला, चांगलंच केलं, पण यात कला कुठे आली? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नवजोत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या छत्तीसगडच्या बस्तर भागातल्या कोंडागावला जाऊन राजकुमार कोर्राम, शांतिबाई अशा तिथल्या कलाकारांसोबत काम करू लागल्या. कोंडागाव ढोकरा ओतकामासाठी (मेणाचा नमुना वितळवून त्या जागी धातू ओतायची पद्धत) आणि लाकडावरच्या कोरीवकामासाठी नावाजलेलं, तेव्हा तिथे कुणाला कला शिकवायचा प्रश्नच नव्हता. एकत्र बसून काय करता येईल, हे शोधायचं होतं.

त्यातून हातपंप पुढे आला. पंपाभोवती पाणी साचायचं, चिखल व्हायचा. पाणी भरणाऱ्या बायका आणि मुलीच. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, वर भांड्याचं वजन, आणि ते जमिनीवरून उचलून थेट डोक्यावर घ्यायचं. गावातल्या बायकांशी बोलून या मंडळींनी कट्टा असा रचला, की हंडा आधी मधल्या उंचीवर टेकवावा आणि तिथून डोक्यावर घ्यावा. सांडपाण्याला वाट करून दिली. भोवतीच्या भिंतींना शिल्पाचे आकार दिले.

माझ्या मते कला त्या टेकूच्या उंचीत आहे. आपल्या चित्रकारांनी डोक्यावर घडा घेतलेली बाई किती वेळा रंगवली! तिचा डौल सगळ्यांनी पाहिला; तिच्या मानेवरचं ओझं फार थोड्यांनी. शिल्पकाराला शरीर कुठे वाकतं, भार कुठे पडतो हे कळतं. ते कळणं इथे पाणी भरणाऱ्या बाईच्या उपयोगी पडलं, आणि उंची तिला विचारून ठरली.

आणि पाणवठा ही साधी जागा नव्हे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडलं ते आठवा. गावात कोण आपलं, कोण परकं हे पाण्याजवळ ठरत आलंय. अशा जागी कलाकारांनी गावकऱ्यांसोबत बसून कुणाला काय हवं हे विचारणं, हे मला एखाद्या चौकातल्या पुतळ्याहून मोठं काम वाटतं. याच गटाने मुलांसाठी ‘पिल्ला गुडी’ही उभारल्या: मुलांनी जमावं, चित्रं काढावीत, मोठ्या कलाकारांसोबत काम करावं म्हणून बांधलेल्या जागा.

एक गोष्ट मात्र मला खटकते. शहरात या कामाविषयी बोलताना बहुतेकांच्या तोंडी एकच नाव असतं, मुंबईच्या कलाकाराचं. खुद्द नवजोत यांनी हे काम सहकार्याचं म्हणूनच मांडलंय. म्हणून ‘नलपार’ शिकवताना मी फळ्यावर राजकुमार आणि शांतिबाई ही नावं आधी लिहिते.