मॅडम, हे जर्नल चालेल का?

शोधनिबंध छापायला अमुक जर्नल, म्हणजे संशोधन पत्रिका, चालेल का असं तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिते. हा प्रश्न मला ग्रंथालयाच्या काउंटरवर येतो, लग्नकार्यात भेटलेल्या ओळखीच्यांकडून येतो आणि सगळ्यात जास्त व्हॉट्सॲपवर येतो. सोबत एक रंगीत पत्रक असतं. 'आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, पीअर रिव्ह्यूड' (म्हणजे विषयाच्या जाणकारांनी तपासलेलं), आठच्या वरचा इम्पॅक्ट फॅक्टर (पत्रिकेतल्या निबंधांचे संदर्भ किती दिले जातात त्यावरून काढलेला आकडा), आयएसएसएन क्रमांक, निबंध पाठवायची शेवटची तारीख परवाची, आणि खाली पैसे भरायचा क्यूआर कोड. विचारणारे एकतर तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण असतात, नाहीतर कॅसची, म्हणजे पदोन्नतीची, फाइल अडकलेले वरिष्ठ प्राध्यापक. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, तेव्हा हे सांगणं माझं कामच आहे.

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. पण नुसतं नाही म्हणून भागत नाही. आधी गुणांचं गणित समजून घ्यायला हवं. ते माहीत नसलं की विचारणाऱ्याचा राग येतो, आणि तो राग भलत्याच माणसावर निघतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2018 च्या नियमावलीत कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीआधी गुणांची चाळणी आहे. तीत शोधनिबंधाला प्रत्येकी 2 गुण, जास्तीत जास्त 6. सेट, म्हणजे राज्याची पात्रता परीक्षा, पास असल्याचे गुण 5. म्हणजे तीन निबंध छापून आणले की सेटपेक्षा एक गुण जास्त पडतो. नोकरी लागल्यावर भाषा, मानव्यविद्या, वाणिज्य या विषयांत एका निबंधाला 10 गुण, विज्ञानात 8. दोन लेखक असतील तर दोघांनाही 70 टक्के. आता दोन मित्रांनी एकेक निबंध लिहिला आणि एकमेकांची नावं घातली, तर प्रत्येकाच्या खात्यात 10 ऐवजी 14 गुण जमा होतात, तेही सगळं नियमात बसून. प्राध्यापकपदापर्यंत पोचायला किमान 10 निबंध हवेत. ज्याच्याकडून हे मागतात त्याला आठवड्याचे तास आहेत, परीक्षेचं काम आहे, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली आहेत, निवडणुकीची ड्यूटी आहे. आणि अनेक ठिकाणी धड प्रयोगशाळा नाही. एवढी मोठी मागणी तयार झाल्यावर पुरवठा करणारे उभे राहणारच. हजार-दोन हजार रुपयांत, चार दिवसांत, प्रमाणपत्रासकट.

हा धंदा केवढा आहे ते मोजून झालेलं आहे. हेलसिंकीच्या शेन आणि ब्यर्क या अभ्यासकांनी 2015 साली अंदाज मांडला: धड परीक्षण न करता पैसे घेऊन छापणाऱ्या पत्रिकांत 2010 साली सुमारे 53 हजार लेख छापून आले होते, 2014 साली 4 लाख 20 हजार. लेखकांपैकी जवळपास 35 टक्के भारतातले. त्याआधी 2013 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने कर्करोगावरच्या औषधाचा एक मुद्दाम चुका पेरलेला बनावट निबंध 304 पत्रिकांकडे पाठवला. विषयाची जाण असलेल्या कोणालाही त्या चुका दिसल्या असत्या. तरी 157 पत्रिकांनी तो स्वीकारला. त्या 304 पैकी साधारण एक तृतीयांश पत्रिकांचा मुक्काम भारतात होता. हे आकडे वाचताना मला आपल्या परिसरातली माणसं दिसतात, म्हणून ते मी सहज विसरू शकत नाही.

मागे एका परिसंवादाचा विशेषांक हाती आला. चांगला जाडजूड, मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल. आत ग्रामीण कादंबरीतली स्त्री, पाठोपाठ जीएसटीचा लघुउद्योगांवर परिणाम, मग झिंक ऑक्साइडचे नॅनोकण, मग कबड्डीपटूंची दमक्षमता. हे सगळं एकाच संपादक मंडळाने तपासलं असं पहिल्या पानावर छापलेलं. एका निबंधात नमुन्याच्या फाइलमधली 'येथे गोषवारा लिहावा' ही ओळ तशीच राहिलेली, म्हणजे ते पान छापण्याआधी कोणी वाचलंच नव्हतं. आणि त्याच अंकात, मधेच कुठेतरी, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींच्या शाळेवर एका तरुण शिक्षिकेचा निबंध होता. टोळी गाव सोडण्याआधी आणि पट्टा पडून, म्हणजे गाळप हंगाम संपून, परत आल्यावर, दोन्ही वेळा ती त्याच घरांत गेली होती. मुलगी कोणत्या महिन्यात शाळेतून गळते, धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणाला सोबत नेतात, आजीजवळ ठेवलेल्या मुलीची हजेरी कशी राहते, हे तिने घरागणिक लिहून काढलं होतं. मांडणी कच्ची होती, तक्ते चुकलेले होते. एखाद्या जाणत्या परीक्षकाने दोनदा परत पाठवला असता तर तो निबंध उभा राहिला असता.

आज तो कुठेही सापडत नाही. पत्रिकेची वेबसाइट बंद पडली आहे, कुठल्याच सूचीत नोंद नाही. उद्या कोणी याच विषयावर काम करायला घेतलं तर त्याला हे आधी झालंय याचा पत्ताच लागणार नाही. गेलेल्या पैशांचं मला एवढं वाटत नाही. पण असा निबंध जिल्ह्याच्या ठिकाणी बसून लिहिता येत नाही, परदेशात तर नाहीच नाही. तो लिहू शकणारी माणसं आपल्या छोट्या कॉलेजांतच आहेत. त्यांचं खरं काम अशा अंकात गेलं की गेलंच. माझा या प्रकाराला विरोध आहे तो मुख्यतः यासाठी.

चांगल्या पत्रिकांच्या सरकारी याद्यांचं काय झालं, हेही लोक विचारतात. यूजीसीने 2017 च्या सुरुवातीला मान्यताप्राप्त पत्रिकांची भलीमोठी यादी काढली. पुढच्याच वर्षी भूषण पटवर्धन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, विद्यापीठांनी सुचवलेल्या पण इतर कुठल्या सूचीत नसलेल्या हजारभर पत्रिका तपासल्या, तेव्हा 88 टक्क्यांहून जास्त निकृष्ट निघाल्या. मे 2018 मध्ये 4,305 पत्रिका यादीतून काढल्या. मग यूजीसीचीच नवी 'केअर' यादी आली, तिचं काम पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. तिच्यातल्या चांगल्या पत्रिकांच्या हुबेहूब नकली वेबसाइट निघाल्या आणि लोक तिकडे पैसे भरू लागले. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने केअर यादीच बंद केली. आता निकष सुचवले आहेत आणि पारखायचं काम संस्थांवर सोपवलं आहे. मला हे तत्त्वतः पटतं. निबंध वाचून मत देणं हे त्या विषयाच्या लोकांनीच करायला हवं. पण प्रत्यक्षात आमच्याकडे अजून 'यादीत होतं का' एवढंच विचारतात, आणि यादी नाही म्हटल्यावर पत्रकवाल्यांचं आणखी फावतं.

मी कसं पारखते ते सांगते. आयएसएसएन पाहून हुरळून जाऊ नका. तो आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयातून कोणत्याही नियतकालिकाला मिळतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही. मात्र आयएसएसएनच्या पोर्टलवर तो टाकून पाहा. पुष्कळदा तिथे वेगळंच नाव येतं, आणि प्रकरण तिथेच संपतं. इम्पॅक्ट फॅक्टर, तो काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या अहवालात दिसला तरच खरा. मग जुने अंक उघडून तुमच्या विषयावरचा एक निबंध वाचा. पूर्ण वाचा. तो वाचून तुमच्या कामात काही भर पडली का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. संपादक मंडळातल्या कोणाला तरी त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल करा. आपलं नाव तिथे आहे हे ठाऊक नसलेले संपादक मला भेटलेले आहेत. आणि निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं की परीक्षकांचा अभिप्राय मागा. खरी पत्रिका तो न मागताच देते, कधी कधी चार पानी, झोंबणारा.

पैसे घेतात म्हणजे बोगस, असंही समजू नका. 'नेचर'ने 2020 साली खुल्या प्रकाशनासाठी 9,500 युरो दर जाहीर केला. तो मला अन्यायकारक वाटतो, पण तिथे परीक्षण होतं. उलट एक पैसा न घेताही उत्तम काम होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून 1955 पासून निघणारी 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' लेखकाकडून शुल्क न घेता वाचकालाही मोफत मिळत आली. मराठीत लिहायचं असेल तर मी आधी 'भाषा आणि जीवन', 'नवभारत' या नियतकालिकांचे जुने अंक पुढ्यात ठेवते. तिथे थांबावं लागतं, पुन्हा लिहावं लागतं. पीएचडीवाल्यांना आणखी एक सांगते: प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध छापलेला हवा, ही यूजीसीची सक्ती 2022 च्या नियमांत उरलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते विद्यापीठाकडूनच लेखी विचारून घ्या, मार्गदर्शकांच्या तोंडी सांगण्यावर घाई करू नका.

परवा त्या ऊसतोडीच्या निबंधाच्या शिक्षिकेनेच विचारलं, "मॅडम, एकदा तिथे छापलं, आता काही करता येईल का?" येतं. नोंदवह्या तुमच्या आहेत, माहिती तुमची आहे. तोच मजकूर दुसरीकडे पाठवू नका, ते दुबार प्रकाशन होतं. पुन्हा एका हंगामाच्या नोंदी घ्या, तक्ते सांख्यिकीच्या सरांकडून तपासून घ्या, विश्लेषण नव्याने लिहा. संपादकांना पहिल्याच पत्रात सांगा की याचा प्राथमिक भाग अमुक ठिकाणी आला होता. जुना निबंध मागे घ्यायचे म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. संदर्भ साहित्याची अडचण पूर्वी होती तेवढी आता राहिलेली नाही. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेतून 2025 पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे 13 हजार पत्रिका खुल्या झाल्या आहेत, आणि तिचं कॉलेज त्यात नसलं तर जिल्ह्याच्या सरकारी संस्थेत बसून वाचू देतात का ते विचारता येतं. तिच्यासाठी स्थलांतर आणि शालेय शिक्षणावरचे निबंध मी काढून ठेवले आहेत. ती शनिवारी येणार आहे, नोंदवह्या घेऊन.