दूध पितायत का, बघा

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जनावरांच्या दवाखान्याचं शटर वर केलं तेव्हा आजी पायरीवर उभ्याच होत्या. हातात गजकचा रिकामा डबा. आत साडीच्या तुकड्यावर मांजरीची चार पिल्लं ओळीनं निजवलेली. तीन मेलेली होती, चौथंही मेलं असं समजूनच आणलं होतं. ते तळहातावर घेतलं तर बऱ्याच वेळानं एक आचका जाणवला. पुन्हा काही नाही. मग आणखी एक.

कंपाउंडरनं थर्मामीटर लावला आणि म्हणाला, "सर, बैटरी गई. लो दिखा रहा है." बॅटरी ठणठणीत होती. माणसांचा डिजिटल थर्मामीटर ३२ सेल्सियसच्या खाली आकडाच देत नाही, नुसतं 'लो' म्हणतो. हे त्याला मी दर हिवाळ्यात सांगतो. प्रयोगशाळेतला, शून्यापासून मोजणारा एक थर्मामीटर टेबलाच्या खणात असतो तो याचसाठी. त्यानं ३१.२ दाखवले. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं अंग ३५ ते ३७ हवं. वजन ८६ ग्रॅम.

एवढ्या गारठलेल्या पिल्लाला ऊब देण्यात घाई केली तर ते हातातच जातं. कातडीकडच्या रक्तवाहिन्या आधी उघडतात आणि आतलं उरलंसुरलं रक्त बाहेर खेचतात. म्हणून तासाला साधारण एक अंश. रबरी पिशवीत कोपराला सोसेल इतकं गरम पाणी, तिच्यावर टॉवेलच्या दोन घड्या, त्यावर पिल्लू पालथं. धडधाकट पिल्लू नको झाल्यावर सरकून बाजूला जातं. याला सरकता येत नव्हतं, म्हणून दर दहा मिनिटांनी कूस बदलायची, नाहीतर पोटाला भाजतं. खोक्याच्या कोपऱ्यात ओलं फडकं, कारण हीटरच्या हवेत ते वाळून जातं. हिरड्यांना बोटानं डेक्स्ट्रोजचा एकेक थेंब. पोटात काहीही नाही. ३४ च्या वर आल्यावर कोमट रिंगर लॅक्टेट (सलाईनच्या जातीचं पाणी) ३ मिली कातडीखाली. त्याआधी दिलं तर ते शोषलंच जात नाही, तसंच फुगा होऊन राहतं.

हे चालू असताना झालेला प्रकार तुकड्यातुकड्यांनी कळत गेला.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला जुना वाडा, खालच्या मजल्यावर सामानाची खोली, तिथे गाद्यांच्या ढिगात मनी तेरा तारखेच्या रात्री व्यायली. जागा तिनं उत्तम निवडली होती. अंधार, ऊब, माणसांची ये-जा नाही. घरात सूनबाईंना पाचवा महिना. त्याच दिवशी तपासणीला गेल्या होत्या, तिथे डॉक्टरांनी विचारलं, घरात मांजर आहे का? हो म्हटल्यावर उत्तर आलं, काढून टाका. इतकंच. का, कशासाठी, किती धोका, काही नाही. बाहेर वीस बायका बसलेल्या असतात हे मान्य. पण त्या दोन शब्दांनी एखाद्या घरात काय काय घडतं ते मला दरवर्षी पाहावं लागतं.

संक्रांतीच्या सकाळी मुलानं मनीला आणि पिल्लांना उचलून गच्चीवरच्या पाटोरीत नेलं. बाहेरच्यांना सांगायला हवं: पाटोर म्हणजे वर दगडी पट्ट्यांचं छप्पर टाकलेली खोली. उन्हाळ्यात बरी असते. जानेवारीत ग्वाल्हेरचा रात्रीचा पारा ५ च्या आसपास आला की खालची फरशी बर्फाच्या लादीसारखी होते. पुठ्ठ्याचं खोकं थेट त्या फरशीवर ठेवलं, आत एक पातळ चादर. आणि 'जंतू नकोत' म्हणून आधी सगळी खोली काळ्या फिनाईलनं धुतली.

नवजात पिल्लाला पहिल्या आठवड्यात कुडकुडताही येत नाही. त्याची सगळी ऊब आईच्या पोटाची आणि भावंडांच्या ढिगाची. जमीन गार असेल तर वरून चार गोधड्या घाला, ते खालून गार होतच राहतं. लोक वरून पांघरतात, खाली काही घालत नाहीत. खोक्याखाली विटा किंवा पाट, त्यावर थर्माकोल किंवा वर्तमानपत्रांचा जाड थर, मग लोकरीचं कापड. पहिला आठवडा खोक्यातली हवा ३० ते ३२ अंश.

फिनाईलचं वेगळंच. काळं फिनाईल म्हणजे डांबरातून निघणारी फिनॉलच्या जातीची द्रव्यं. कुत्र्याचं आणि माणसाचं यकृत ती बांधून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारं विकर नावापुरतंच असतं. वर मांजर दिवसभर स्वतःला चाटतं, म्हणजे पंजाला लागलेलं सगळं पोटात. पांढऱ्यात चीडाचं तेल असतं, तेही मांजराला बाधतंच. मनीला दुपारी पिशवीतून आणवलं तेव्हा तोंडातून लाळ गळत होती, जिभेच्या कडेला लाल चट्टा. उग्र वास आणि धुमसणारी जीभ, मग ती पिल्लांजवळ बसेना. दिवसभर कठड्यावर बसून होती म्हणाले. "आई असून टाकली हो," असं आजी दोनदा म्हणाल्या. टाकली नव्हती. घरात निर्जंतुक करायचंच असेल तर साबणपाणी, मग लिटरभर पाण्यात ३० मिली साधं ब्लीच, दहा मिनिटं ठेवून स्वच्छ धुवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. दोन्ही एकत्र कधीच नाही, आणि मांजर आत असताना तर नाहीच.

संध्याकाळपर्यंत दोन पिल्लं गेली. रात्री अकराला सूनबाईंचा फोन मलाच आला होता. दोन गेली, एक सारखं रडतंय, एक गप्प पडलंय. मी म्हणालो, "दूध पितायत का, बघा. सकाळी लवकर घेऊन या."

आमच्या भाषेत याचा अर्थ असा: स्वच्छ करंगळीचं टोक तोंडात घाला, जीभ वळवून ओढतंय का पाहा. ओढत नसेल तर ते गार आहे, आधी ऊब द्या. ही परीक्षा आहे, औषध नव्हे. पण फोनवर ऐकणाऱ्याला त्यातून काय कळेल? आजींनी घरातलं चांदीचं बोंडलं काढलं. त्यांची मुलं, नातू, सगळे त्याच बोंडल्यावर वाढलेले. म्हशीचं दूध, निम्मं पाणी, कोमट केलेलं. रडणाऱ्या पिल्लाला मांडीवर उताणं घेऊन, बाळाला घेतात तसं, थोडं थोडं पाजलं. गप्प पडलेल्यानं तोंडच उघडलं नाही, म्हणून त्याला नुसतं स्वेटरच्या बाहीत गुंडाळून देवघराशेजारी ठेवलं.

जे प्यायलं ते पहाटे गेलं. ज्यानं तोंड उघडलं नाही ते माझ्या टेबलावर होतं.

तिन्ही पिल्लं उघडून पाहिली. (पिल्लू गेलं आणि कारण जाणून घ्यायचं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठलं की पेशी फुटतात आणि पाहण्यासारखं काही उरत नाही. आमच्याकडे बहुतेक जण पुरून मग फोन करतात.) पहिल्या दोघांचं पोट रिकामं, आतड्यात काळसर मळ थोडा, फुफ्फुसं स्वच्छ. उपाशी आणि गार. तिसऱ्याचं पोट टम्म. आत दह्यासारख्या गुठळ्या, आंबूस वास, आतडी वायूनं फुगलेली. श्वासनलिका चिरली तर आत पांढरा फेस.

३५ सेल्सियसच्या खाली, म्हणजे ९५ फॅरनहाइटच्या खाली, पिल्लाचं आतडं हलत नाही. दूध पोटात जातं आणि तिथेच नासतं. गिळण्याची ताकदही गेलेली असते, त्यात उताणं धरलं की अर्धं फुफ्फुसात. पिल्लू नेहमी पालथं, डोकं किंचित वर, आईला पितं तसं. एका वेळी १०० ग्रॅम वजनाला ४ मिलीपेक्षा जास्त नाही, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी. आणि मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पूड. गाईम्हशीच्या दुधात मांजरीच्या दुधापेक्षा प्रथिनं कमी, त्यात पाणी घातलं की ती आणखी निम्मी होतात. शिवाय दुधातली साखर पचत नाही, जुलाब लागतात. प्रत्येक पाजणीनंतर ओल्या कापसानं खालची बाजू हलकेच पुसायची, कारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून लघवीही होत नाही.

दुपारी एकला थर्मामीटर ३५.१ वर आला. करंगळी तोंडात घातली तर जीभ वळली. २ मिली पुडीचं दूध पालथं धरून दिलं, मग पाळी मनीची. तिचे पंजे आणि पोट साबणानं धुऊन पुसून काढले होते, पिल्लालाही ओल्या कोमट फडक्यानं पुसलं होतं. आजींना घरी पाठवून सामानाच्या खोलीतला, मनी ज्यावर व्यायली तो गादीचा अभ्रा आणवला आणि पिल्लू त्यात गुंडाळून तिच्यापुढे ठेवलं. तिनं हुंगलं, मानेला धरलं, पोटाशी घेतलं. पहिल्या रात्री सात-आठ तास ही पिल्लं तिच्याजवळ होती हे नशीब. चिकातली प्रतिकारद्रव्यं आतड्यातून रक्तात उतरायची मुदत पहिल्या दिवसाचीच असते, पुढे चीक पाजूनही ती रक्तात उतरत नाहीत.

एवढं होईपर्यंत सूनबाई फाईल घेऊन आल्या होत्या. भीती टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या, गर्भाला बाधणाऱ्या परजीवीची. पहिल्या तिमाहीत केलेल्या टॉर्च तपासणीचा (गर्भाला बाधणाऱ्या संसर्गांसाठीची रक्ततपासणी) कागद फाईलमध्येच होता: आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. याचा नेहमीचा अर्थ, लागण जुनी, गरोदरपणाच्या आधीची, अंगात प्रतिकारशक्ती आहे. माणसांचे रिपोर्ट वाचणं माझं काम नाही, म्हणून चिठ्ठीवर फक्त प्रश्न लिहून दिला: 'हा रिपोर्ट पाहता मांजरीपासून धोका किती?' तो घेऊन डॉक्टरांकडे जा म्हटलं. मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर, एक ते तीन आठवडे विष्ठेतून बीजं टाकतं. ती ताजी असताना लागण करत नाहीत, त्यांना १ ते ५ दिवस लागतात. विष्ठेचा ट्रे दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज साफ केला की काम झालं. न धुतलेली मेथी-कोथिंबीर आणि कच्चं राहिलेलं मटण यांतून धोका जास्त. पण कोथिंबीर कुणी गच्चीवर नेऊन टाकत नाही.

खरा प्रश्न दुसराच होता, आणि तो कुणी विचारला नव्हता. सात वर्षांच्या नातवाच्या मानेवर गोल चट्टा. महिनाभर औषधाच्या दुकानातून आणलेलं तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम लावत होते. त्यात स्टिरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी आत पसरत राहते, आणि चट्ट्याचा आकारच असा बदलतो की त्वचारोगतज्ज्ञही चकतो. मनीच्या कानामागे अंधारात वूड्स लॅम्प, म्हणजे अतिनील दिवा, धरला तर केसांच्या मुळाशी हिरवट चकाकी. ही बुरशी दर वेळी चमकतेच असं नाही, म्हणून केस उपटून स्लाइडवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्येही पाहिले. मायक्रोस्पोरम कॅनिस. हा गजकर्ण मांजरापासून मुलांना खरंच होतो. झडलेल्या केसांतले बीजाणू वर्ष-दीड वर्ष टिकतात. मनी दूध पाजतेय म्हणून तिला पोटातलं औषध आत्ता नाही, फक्त बाहेरून लाइम सल्फर, म्हणजे चुना-गंधकाचं पाणी. तेही स्तन झाकून आणि पूर्ण वाळेपर्यंत पिल्लू वेगळं. वास सडक्या अंड्यांचा येतो, तक्रार करू नये. नातू त्वचारोगतज्ज्ञाकडे, मलम बंद.

आणि मुलानं सगळ्यात शेवटी शर्टाची बाही वर केली. खोकं उचलताना मनी चावली होती. दोन खोल भोकं, रक्त आलेलं, वर हळद. मनी बाहेर फिरणारी, रेबीजची लस नाही. साबण लावून नळाखाली १५ मिनिटं धुवायला लावलं आणि तसाच जयारोग्य हॉस्पिटलला धाडला. रक्त आलं म्हणजे रेबीजच्या धोक्याची तिसरी, सगळ्यात वरची श्रेणी, लसीबरोबर जखमेत सीरमही. कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. ज्या घरात न जन्मलेल्या बाळासाठी एवढी धावपळ झाली, तिथे हा माणूस आदल्या सकाळपासून हळद लावून फिरत होता.

पिल्लाचं वजन रोज सकाळी त्याच वेळी स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर करायला सांगितलं. रोज १० ग्रॅमच्या आसपास वाढ हवी, एक दिवसही घटलं तर फोन. सूनबाई आकडे पाठवतात: ८६, ८८, ९७, १०८. दहाव्या दिवशी १६१, एक डोळा उघडला.

त्या दिवशी निघताना आजींनी विचारलं, "डॉक्टर, मी पाजलेलं बाधलं नाही ना?"

"थंडीनं गेली, आजी," मी म्हणालो. दोघांबद्दल ते खरं होतं. तिसरंही गार नसतं तर दूध कदाचित पचलं असतं, असं मी अजून स्वतःला सांगून पाहतो. त्यांना दिलेल्या कागदावर तिन्हींपुढे 'थंडी' लिहिलं आहे. रजिस्टरमध्ये तिसऱ्यापुढे श्वासनलिकेत दूध असं लिहिलं, तारीख घातली, आणि त्याखाली रात्री अकराच्या फोनची वेळ.

आता रात्रीच्या फोनवर मी दूध हा शब्दच काढत नाही. हातात घ्या, पोट गार लागतंय का सांगा, गार असेल तर स्वतःच्या ब्लाउजच्या आत, कातडीला लावून धरा, आणि सकाळपर्यंत तोंडात काहीही घालू नका. मग समोरच्याकडून ते परत म्हणवून घेतो.

तीन आठवडे झाले की पायरँटेल या जंतांच्या औषधाच्या पहिल्या डोसाला पिल्लू घेऊन आजीच येणार आहेत.