टेकडी कुठाय?

"मामा, टेकडी कुठाय?" भाचीनं सायकलवरून उतरता उतरता विचारलं, आणि मला उत्तर सुचेना. समोर खड्ड्याखड्ड्यांची गवताळ जमीन. पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांइतकीही उंची नसेल. हीच बेल्जियममधली, पहिल्या महायुद्धात गाजलेली हिल ६०. समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटर, म्हणून नाव ६०. आणि टेकडी तरी खरी म्हणावी, तर तीही नाही! एकोणिसाव्या शतकात इथून रेल्वे नेताना निघालेल्या मातीचा हा ढिगारा. ती रेल्वे आजही बाजूच्या खोलगट भागातून जाते.

भाची गेंटला शिकते. तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा हट्टानं तिला ईपरला घेऊन आलो. स्टेशनपासून सायकलनं अर्धा तासही लागला नाही. माथ्यावरून वळून पाहिलं, तर ईपरचे मनोरे स्वच्छ दिसत होते. मग कळलं, या सपाट मुलखात एवढासा उंचवटा म्हणजे काय ते. ज्याच्या ताब्यात ढिगारा, त्याच्या नजरेत गाव.

वर इंग्रज आणि जर्मनांचे खंदक समोरासमोर येऊन अडले, तेव्हा माणसं खाली शिरली. आपल्याला हे नवं नाही. १६६० मध्ये शायिस्तेखानानं चाकणच्या बुरुजाखाली सुरुंग भरून तो उडवला होता आणि तरीही फिरंगोजी नरसाळा दुसऱ्या दिवसापर्यंत झुंजला. इथे फरक एवढाच, की खणणारे दोन्ही बाजूंना होते आणि दोघेही एकमेकांना ऐकत होते.

ऐकणं हेच इथलं खरं हत्यार. वरचा थर वाळूचा, पाण्यानं डबडबलेला. त्याखाली निळसर, घट्ट चिकणमाती. कुदळ घातली, की आवाज पोचलाच. इंग्रजांनी त्यावर मँचेस्टरच्या गटारांचा उपाय काढला. जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स या कंत्राटदाराचे मजूर गटारं खणताना लाकडी टेक्याला पाठ लावून तिरके पडत आणि दोन्ही पायांनी फावडं मातीत रेटत. ठोका नाही, खणखणाट नाही. एकानं खणायचं, दुसऱ्यानं माती पोत्यात भरायची, तिसऱ्यानं पोतं ओढत न्यायचं. निळी माती वर आणली तरी लपवावी लागे, कारण विमानातून ती दिसली की खोल भुयाराचं गुपित फुटलंच.

कान लावून बसणाऱ्यांकडे जिओफोन असे: पारा भरलेल्या दोन लाकडी चकत्या आणि डॉक्टरांसारख्या नळ्या. शत्रूचं खणणं ऐकू आलं, की त्याच्या दिशेनं छोटा सुरुंग लावून त्याचं भुयार माणसांसकट बुजवायचं. स्फोटानंतर विषारी वायू साचला आहे का, हे पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्यावरून ओळखायचं. पण मला वाटतं, खणणं थांबलं की जास्त भीती वाटत असणार. समोरचा दमलाय, की सुरुंगात दारू भरतोय?

हिल ६० आणि रुळापलीकडच्या कॅटरपिलर नावाच्या ढिगाऱ्याखाली इंग्रजांनी भरलेली सुरुंगाची दारू कित्येक महिने जर्मनांच्या पायाखाली तशीच पडून होती. ती कोरडी आणि गुप्त राखण्याचं काम शेवटी ऑस्ट्रेलियन खाणकामगारांच्या तुकडीकडे आलं. ७ जून १९१७, पहाटे ३ वाजून १० मिनिटं. मेसीनच्या टेकाडांच्या रांगेखाली १९ सुरुंग उडाले. कॅटरपिलरच्या एकट्या सुरुंगात सुमारे ३२ टन दारू होती. रूळ ओलांडून गेलो, तर तिथे आता गोल, शांत तळं आहे. भाचीनं फोटो काढले, नंतर काय वाटलं कोण जाणे, फोन खिशात ठेवला. वर आणि खाली गाडलेली कितीतरी माणसं बाहेर काढलीच गेली नाहीत, तीही याच गवताखाली आहेत.

सगळेच सुरुंग त्या पहाटे उडाले नाहीत. न वापरलेल्यांपैकी एक १९५५ मध्ये वीज पडून उडाला. मेली ती एक गाय.

दुसऱ्या दिवशी गाडी भाड्यानं घेऊन फ्रान्समध्ये झिवाँशीला गेलो. बघण्यासारखं फार नाही. बटाट्याची शेतं आणि खाणकामगारांचं एक स्मारक. पण मला इथेच यायचं होतं. २० डिसेंबर १९१४ ला जर्मनांनी इथे सरहिंद ब्रिगेडच्या, म्हणजे हिंदी फौजेच्या खंदकांखाली दहा छोटे सुरुंग उडवले आणि मागोमाग पायदळ घातलं. त्यानंतर दोन महिन्यांत इंग्रजांनी भुयारं खणणाऱ्या खास तुकड्या उभारल्या. मेसीनची गोष्ट सांगताना लोक झिवाँशी सहसा गाळतात. मला ते खटकतं.

तिथून नव्ह-शापेल जवळच आहे. हिंदी सैनिकांचं गोल स्मारक, दोन दगडी वाघ, उंच स्तंभ, त्यावर देवनागरी अक्षरंही आहेत. भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं. मी मात्र एकच मथळा शोधत होतो: थर्ड सॅपर्स अँड मायनर्स. हे आमच्या खडकीचे. लहानपणी त्यांच्या छावणीच्या भिंतीकडेनं शाळेत जायचो. खोदकामात, पूल बांधण्यात मुरलेली ही माणसं २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ व्या शीख पलटणीबरोबर पायदळासारखी या गावात घुसवली गेली. घराघरांतून लढले, मागे फिरावं लागलं, आणि त्यांचे बहुतेक अधिकारी त्या दिवसात मारले गेले किंवा जखमी झाले. कुशल हातांची अशी उधळपट्टी का केली, याचं उत्तर मला पटेल असं अजून सापडलेलं नाही.

मथळा सापडला. भाची एकेक नाव हलक्या आवाजात वाचत गेली, तिच्या उच्चारांत ती नावं जरा वेडीवाकडी होत होती. मध्येच थांबून म्हणाली, "मामा, आजीला व्हिडिओ कॉल लावू? तिला दाखवू या." खडकीत साडेसात वाजले होते, आईची देवापुढे दिवा लावायची वेळ. तिनं बराच वेळ फोन उचलला नाही.