काकूंच्या चिठ्ठीवरून होस्ट्स फाइल

रविवारी काकांच्या दुकानात गेलो होतो, इथे इंदूरला राजवाड्याजवळ साड्यांचं आहे, तीन कॉम्प्युटर अन् बिलिंग सगळं मागच्या खोलीतल्या एका मशीनवर. काकू दरवेळी त्या मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.२०, बघून बघून टाइप करतात, मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवलेली, तीही चहा सांडून पुसट झालेली. म्हटलं थांबा काकू, याला नावच देऊन टाकतो.

होस्ट्स म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, विंडोजमध्ये सिस्टिम३२, मग ड्रायव्हर्स, मग ईटीसी फोल्डर. ओळीत आधी पत्ता, स्पेस, मग नाव, बस. बाहेर डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारायच्या आधी मशीन इथे बघतं. पूर्वी अख्ख्या आर्पानेटची, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कची, अशीच एक यादी असायची, सगळे तीच उतरवून घ्यायचे, मशीनं वाढली तशी ती काही झेपेना, मग १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिसनं डीएनएस काढलं.

नाव ठेवलं गल्ला, अर्थात इंग्रजी अक्षरांत. चालेचना! अर्धा तास डोकं खाल्लं, तोवर काकूंनी पोहे पण आणले, मग दिसलं की नोटपॅडनं गुपचूप फाइलच्या नावाशेवटी डॉट टीएक्सटी लावलंय. अन् नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं नाही तर सेव्हच करू देत नाही. राउटरमध्ये तो पत्ता त्या मशीनला पक्का पण करून ठेवला, नाहीतर लाइट गेली की नवा नंबर मिळायचा अन् फाइल बसली जुनाच धरून.

तरी काकूंनी गल्ला टाइप केलं तर ब्राउझर सरळ गूगलवर शोधायलाच गेला. नावाच्या शेवटी एक स्लॅश द्यावा लागतो. आता नवी चिठ्ठी लागलीये, तिच्यावर फक्त तो स्लॅश.