साडेतीन कोयना

आपल्याकडे एसटीत चालकाशी बोलू नये अशी पाटी असते. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यातल्या कुनुनुर्रा गावातून निघालेल्या आमच्या कोचमध्ये चालकच गप्प बसेना. स्टेअरिंग त्याच्या हातात, माइक त्याच्या तोंडाशी, वाटेत सावली बघून चहा-केक मांडणारा तोच आणि म्हाताऱ्यांना हात देऊन पायरीवरून उतरवणाराही तोच. एवढ्या कामाला आपल्याकडे चार माणसं आणि एक पोऱ्या लागतो.

सोबत आत्या होती. ती पर्थला लेकीकडे आलेली, आणि पर्थहून इथे यायला विमानाला तीन तासांहून जास्त लागतात. राज्य तेच! बाहेर तांबडे डोंगर, पिवळं काटेरी गवत आणि मध्येच पोट सुटलेली बोआबची झाडं. हे बोआब म्हणजे गोरखचिंचेची भावकी. आत्याने झाड बघताच ओळखलं, त्यामुळे तिला हा मुलुख एकदम कमी परका वाटायला लागला. बाकी माश्या फार. टोपीवरून ओढायची जाळी घालून सगळी बस मधमाश्या पाळणाऱ्यांची वाटत होती.

जायचं होतं ऑर्ड नदीवरच्या धरणावर आणि तिथून बोटीने नदीतून परत, पंचावन्न किलोमीटर. पाण्याचं माप सांगताना इथले गाइड सिडनी हार्बरच्या पटीत बोलतात. आम्ही कऱ्हाडची माणसं, आम्हाला पाणी टीएमसीतच कळतं. पावसाळ्यात सकाळी पेपर उघडला की आधी कोयनेचा आकडा बघायचा ही घरची शिस्त. मी मोबाइलवर हिशेब केला: या धरणामागचा जलाशय, लेक आर्गाइल, भरला की साधारण 380 टीएमसी, कोयना 105. म्हणजे साडेतीन कोयनांहून जास्त. आणि एवढं पाणी अडवणारी भिंत? फक्त 335 मीटर लांब. कोयनेची आठशेच्या वर आहे. अरुंद खिंड हेरून दगड आणि मातीचा भराव घातला, 1972 साली उद्घाटन केलं, आणि मागे समुद्र तयार झाला. भिंतीवरून बस जाते तेव्हा एका बाजूला निळं पाणी क्षितिजापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला खाली एवढीशी नदी. आत्या म्हणाली, “एवढ्याशा भिंतीने?” तिच्या आवाजात कौतुक कमी आणि संशय जास्त होता.

तिला तो अधिकार आहे. तिच्या सासरचं गाव शिवसागराखाली, म्हणजे कोयनेच्या जलाशयाखाली आहे.

धरणाच्या अलीकडे एक दगडी घर लागतं. 1880च्या दशकात क्वीन्सलंडहून हजारो गुरं हाकत आलेल्या ड्युरॅक कुटुंबाचं. ते पाण्याखाली जाणार म्हणून सोडवून दगड वर आणले आणि पुन्हा रचून त्याचं संग्रहालय केलं. आत जुनी भांडी, फोटो, बाहेर जाड भिंतीची गार सावली. गाइड या घराबद्दल भरभरून बोलला. मिरिवुंग आणि गजिराँग या इथल्या मूळ रहिवाशांची जमीन, त्यांच्या पवित्र जागा कुणालाही न विचारता बुडाल्या, पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 2005 साली करार झाला, हे मात्र त्याने दोन-तीन वाक्यांत उरकलं. आत्याने मला कोपराने ढोसलं. “घराचे दगड आणले. माणसांचं काय झालं ते विचार की.”

मी विचारलं. त्याने नीट सांगितलंही, टाळलं नाही. खरं तर मला राग यायचं कारण नव्हतं. शिवसागराच्या काठी तापोळ्याला मी बोटीत बसले होते तेव्हा ‘मिनी काश्मीर’ हे ऐकून कान किटले, पण बोटीखाली कुणाचं गाव आहे याबद्दल अवाक्षर नव्हतं. इथे निदान दोन वाक्यं तरी होती.

नदी मात्र देखणी, त्यात वाद नाही. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी लांब लांब बोटं टाकत असा चालतो की पान हलतही नाही. काठावर गोड्या पाण्यातल्या मगरी, अरुंद तोंडाच्या आणि लाजाळू. नावाड्याने पावाचा तुकडा पाण्यावर धरला आणि खालून एका माशाने नेम धरून अशी पिचकारी मारली की आत्याचा चष्माच भिजला. ती इतकी हसली की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. पण ‘निसर्गाचं रौद्र रूप’ वगैरे जे माहितीपत्रकात होतं, त्यावर माझा विश्वास बसला नाही. पूर्वी ही नदी पावसाळ्यात फुगायची आणि कोरड्या महिन्यांत नुसते डोह उरायचे. आज ती बारमाही वाहते, कारण वर कुणीतरी दार उघडतं. हिरवे काठ, लव्हाळी, पक्ष्यांची एवढी गर्दी, सगळं पाटबंधाऱ्याच्या कृपेने.

त्या पाण्यावर पुढे शेती आहे. सुरुवातीला कापूस लावला, तो किडीने खाल्ला आणि 1974च्या सुमारास बंद पडला. पुढे तिथे चंदन आलं, आपलं भारतीय चंदन, ओळीने लावलेलं. चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळांतून रस ओढतं, म्हणून प्रत्येकाला शेजारी यजमान झाड दिलेलं. मैलोन्मैल चंदन बघून आत्याला राहवेना. पुण्यात तिच्या कॉलनीतल्या बंगल्यातलं एकुलतं चंदन वॉचमन असताना रात्रीत कापून नेलं होतं.

“विचार त्याला,” ती म्हणाली, “इथे रात्री राखणीला कोण असतं?”

गाइडला प्रश्न दोनदा समजावून सांगावा लागला.