बोचक्याला जागा

बेघरांना समजावून निवाऱ्यात नेणं हे माझं काम. त्यामुळे ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला 'फुटपाथ मोकळा करा' अशी तक्रार आली, की अतिक्रमणच्या गाडीबरोबर मलाही बोलावणं येतं.

त्या दिवशी तक्रारदार स्वतः हजर होते. पांढरी काठी घेऊन रोज लोकलने कामाला जाणारे एक काका. काठी निळ्या ताडपत्रीच्या बोचक्याला अडली, म्हणून ते रस्त्यावर उतरले, तर रिक्षा कोपराला घासून गेली. "मला कुणाला हाकलायचं नाही हो, पण मी चालू कुठून?"

बोचक्याची मालकीण शेजारीच गजरे ओवत बसलेली. मुकादम म्हणाला, फुटपाथ चालणाऱ्यांचा. खरंच आहे, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, १९८५च्या ओल्गा टेलिस निकालात, सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलंय. त्याच निकालात पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय, तो अर्धा भाग मुकादमाला पाठ नव्हता.

निवाऱ्याचं काढलं तर बाई म्हणाली, "तिथं बायका वेगळ्या, गडी वेगळे. पोरगं बापाजवळ ठेवलं तर बाप पिऊन पडणार. आणि फुलं आणायला पहाटे कोण सोडतंय मला?" मग गजऱ्याचा दोरा दाताने तोडत, "रात्री दुकानं बंद झाल्यावर आम्ही पडतो, उजाडायच्या आत उठतो. दिवसा आम्ही नाही आडवं येत ताई, बोचकं येतं."

हे कुणाच्याच फॉर्मवर नव्हतं. मी मोजायचा टेप लावायला सांगितला. चालायला किमान १.८ मीटर मोकळे हवेत, असा रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचा दंडक. बोचक्यापाशी जेमतेम एक मीटर होता. चार पावलांवर एका दुकानाचा लोखंडी रॅम्प, तिथं त्याहून कमी. रॅम्प मात्र कुणी गाडीत टाकत नाही.

कोपऱ्यावरच्या सुलभवाल्याकडे मागे मोकळी जागा होती. दिवसभर बोचकं ठेवायचे तो वीस रुपये म्हणाला. बाईने भांडून दहावर आणला, वर रोज एक गजरा कबूल केला, बायकोसाठी. मुकादम कुरकुरला, पण गाडी रिकामीच गेली. पोराच्या झोपेचं काय, ते तसंच राहिलं. कुटुंबाला एकत्र ठेवणारा निवारा जवळपास नाही.

रॅम्पची तक्रार काकांनी माझ्याकडून लिहून घेतली. तिला नंबर मिळालाय.